चार बोटं रिकामी

कंदील तिकडे कोनाड्यातच असू द्या. माझ्याजवळ आणू नका. का, ते शेवटी सांगतो. आत्ताच विचारलंत तर गोष्टीची मजा जाईल.

लाइट येईल तासाभरात. येईल म्हणजे, आली तर येईल. इथून किनाऱ्यावर गेलात की तारापूरच्या वीज केंद्राचे दिवे एकेक मोजता येतात, आणि आम्ही चिंचणीकर ओटीवर बसून कंदिलाच्या काचा पुसतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तुम्ही आरामात टेका. रस्त्याच्या मोजणीसाठी उद्या सकाळी जीप घेऊन डोंगरात जाणार म्हणता, आणि पिंजाळ नदीत गाडी कुठून उतरवायची हे विचारायला बोईसरहून रिक्षा करून माझ्याकडे आलात. ते सांगतोच. पुंडलिक ड्रायव्हरला त्या नदीतला दगड न दगड ठाऊक आहे. पण आधी पेट्रोलच्या कॅनबद्दल चार शब्द ऐकून घ्या. नाही म्हणू नका, म्हाताऱ्या माणसाला ऐकणारा मिळणं आजकाल कठीण झालंय.

मी मूळचा दर्यावरचा. बापाची इंजिनाची होडी होती, तिच्यावर मी पंचविशी काढली. मग धाकट्या भावाशी बिनसलं आणि मी जमिनीवर आलो. एका सरकारी दवाखान्यात जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो, सत्याहत्तर साल. तिथला जुना ड्रायव्हर शांताराम, केळव्याचा, तीन महिन्यांनी रिटायर होणार होता. ते तीन महिने त्याने मला शिकवलं. शिकवलं कसलं, छळलं.

किडकिडीत माणूस, बोलणं मोजकं. डाव्या हाताचा तळवा कधीतरी भाजलेला होता. तिथली कातडी अशी गुळगुळीत झाली होती की हातावर एक रेघ उरली नव्हती. कसं भाजलं ते त्याने कधी सांगितलं नाही. पण कॅन भरताना त्याचं जे सोवळं चालायचं, त्यावरून आपण समजून घ्यावं. कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा. झाकण उघडण्याआधी लोखंडाला हात लावून उभं राहायचं, म्हणजे अंगातली ठिणगी उडत नाही म्हणे. भरताना वर चार बोटं जागा रिकामी सोडायची. मग कॅन गाडीच्या बाहेर, मागच्या चौकटीत, झाकण वर करून काथ्याच्या दोरीने बांधायचा आणि उन्हाचे दिवस असले तर त्यावर ओलं गोणपाट टाकायचं.

आणि शेवटी ठोके. बोटांची पेरं दुमडून तो कॅनवर तीन ठोके मारायचा. खाली एक, मध्ये एक, वर एक. खाली बद्द, मध्ये बद्द, वर ठण्ण. वरचा ठोका ठण्ण वाजला म्हणजे जागा आहे. वरही बद्द वाजला, की तो झाकण काढून पेट्रोल कमी करायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "हस बाबा. पेट्रोल जितं असतं. उन्हात त्याला फुगायला जागा लागते. नाय दिली तर ते आपली जागा करून घेतं."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. आमच्या होडीवर नेमकं उलट. डिझेलचा डबा तोंडोतोंड भरायचा, कारण अर्धवट डबा लाटेवर हिंदकळतो आणि आतल्या आत पाणी धरतो. भर दर्यात इंजिनात पाणी गेलं की संपलं. डबा ठेवायचा कुठे, तर फळ्यांखाली, सावलीत. त्याच्याशेजारी आमची चूल पेटलेली असायची आणि तिच्यावर कालवण रटरटत असायचं. पिढीजात असंच चाललेलं, कुणाच्या मिशीचा केस जळला नाही. म्हटलं, हा सुपारीच्या वाडीतला माणूस, याला तेलातलं काय कळतं! डिझेल वेगळं आणि पेट्रोल वेगळं, हे मला कळत नव्हतं. पंचवीस वर्षांचा अनुभव होता ना, मग शिकणार कसा.

शांताराम केळव्याला घरी गेला. पुढच्या वर्षी एप्रिलात, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा एका सकाळी पाड्यावरचा माणूस चालत चालत दवाखान्यात आला. त्याची वहिनी कमळी दोन दिवस अडली होती. पहिलटकरीण. मूल आडवं आलेलं. सुगंधा सिस्टरने त्याच्याकडून सगळं नीट विचारून घेतलं आणि मला म्हणाली, "पुंडलिकभाऊ, आज दिवस मावळायच्या आत तिला खाली आणली तर ती जगेल. उद्यावर गेलं तर दोघंही गेली." सिस्टर सांगलीकडची, उगाच बोलणारी नव्हे.

जीपच्या टाकीला वरच्या बाजूला चीर होती, म्हणून टाकी अर्ध्याच्या वर भरता येत नसे. परतीला कॅन लागणारच. आणि मागच्या चौकटीतली काथ्याची दोरी आदल्या आठवड्यात तुटलेली. नवी आणायला वेळ कुठे होता? मी पंपावर कॅन तोंडोतोंड भरला, वर थेंबाला जागा ठेवली नाही, झाकण आवळलं आणि मागच्या बाकाखाली सावलीत सारला. अगदी आमच्या होडीवरच्यासारखा. ठोके मारायची आठवण झाली होती, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, म्हातारा कुठे बघतोय.

मनोर गेलं, विक्रमगड गेलं. पुढे रस्ता संपला आणि सागाचं रान सुरू झालं. पानगळ झालेली, नुसती खोडं उभी, आणि खाली वाळक्या पानांचा गुडघ्याएवढा थर. गाडी त्यातून जाताना पापड मोडल्यासारखा आवाज होई. पिंजाळला पाणी कमीच होतं, दगडांवरून गाडी पलीकडे काढली. पाड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

कमळीला बाजेवर घालून बाहेर आणलं. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. ओरडायचीसुद्धा थांबली होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. तिला बाकावर निजवली. तेवढ्यात तिची सासू, काशीबाई, एक मडकं घेऊन आली. मडक्यात चुलीतले निखारे, वर राख. अडलेल्या बाईजवळ विस्तव हवा, नाहीतर वाटेत तिला काहीतरी धरेल, असं तिचं म्हणणं. सिस्टरने समजावून पाहिलं, पण म्हातारी ऐकेना. "ही आग माजे सासूचे हातची हाय, कदी इझली नाय. आग नाय तं सून नाय," असं म्हणून गाडीच्या मागच्या फाळक्याला धरून उभी राहिली.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, गाढवाने, म्हटलं, "घ्या हो सिस्टर. आमच्याकडे पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. काय होतंय?"

बाकाखाली कॅन आहे हे सिस्टरला माहीत नव्हतं. मला होतं. मला माहीत असून मी बोललो.

निघालो. मागे बाकावर कमळी, तिच्या डोक्याशी सिस्टर, समोर काशीबाई आणि तिच्या पायांमध्ये मडकं. माझ्या शेजारची सीट रिकामी, दीर पाड्यावरच राहिला. टपाचं कापड दोन्ही बाजूंनी खाली सोडलेलं, ऊन लागू नये म्हणून. आत भट्टी झालेली. पेट्रोलचा वास येत होता, पण जीपमध्ये पेट्रोलचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार? कमळी एकदोनदा "वास... वास..." म्हणाली. सिस्टरने तिच्या नाकाशी ओला रुमाल धरला.

साडेचार वाजले असतील. सागाच्या रानात उतरतीला मागून आवाज आला.

बद्द... बद्द... बद्द.

मला वाटलं सिस्टर पत्रा ठोकतेय, गाडी थांबव म्हणून. थांबवली. मागे वळून विचारलं तर ती म्हणाली, मी कशाला ठोकू, चला लवकर. काशीबाईचे दोन्ही हात सुनेच्या पायांवर होते. मी पुन्हा गाडी पुढे घातली. पाव मैल गेलो नाही तोच पुन्हा तेच. खाली एक, मध्ये एक, वर एक. तिन्ही बद्द. हे ठोके मी तीन महिने ऐकले होते. दोन ठोक्यांच्या मध्ये तो माणूस जेवढा थांबायचा, तेवढाच थांबत होता. वरच्या ठोक्यानंतर कान लावून उभा राहायचा, तसाच आत्ताही कुणी उभा आहे, असं मला पाठीला जाणवलं.

मी गाडी थांबवली नाही. थांबायला हवं होतं, पण भीतीने माणूस पळतो, तसा मी पळवली. तेव्हा गाडीच थांबली. धक्का नाही, आचका नाही. इंजिन चालता चालता गप्प झालं. किल्ली फिरवली, काही नाही.

रानात एवढी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकली नाही. भर उन्हात एक पाखरू बोलेना. मग वाळक्या पानांवर पावलं वाजली.

माझ्या बाजूने आली. सावकाश, चालायची घाई नसलेल्या माणसाची. कापडाच्या बाहेरून, दोन हातांवरून, मागे गेली. मी बाहेर पाहिलं. पानं दबत होती. एकेक पाऊल उमटेल एवढी पानं खाली बसत होती आणि पुन्हा वर येत होती. माणूस नव्हता.

"कोन हाय?" काशीबाई हळूच म्हणाली. तिने पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

मग गाडी मागच्या बाजूला जराशी दबली. बाकाखाली काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, जड, पत्र्यावर घासत जाणारा. दोरी आवळल्याचा करकर आवाज झाला. त्यानंतर पाणी ठिबकू लागलं... टप... टप... आणि शेवटी तीन ठोके. खाली बद्द, मध्ये बद्द.

वरचा ठण्ण.

तो आवाज त्या रानात देवळातल्या घंटेसारखा फिरला. खरं सांगतो, माझी भीती त्या क्षणी गेली. हात आपोआप जोडले गेले. कुणापुढे जोडतोय ते कळत नव्हतं.

पावलं परत आली नाहीत. कितीतरी वेळाने मी उतरलो आणि मागे गेलो. कॅन बाहेर होता. मागच्या चौकटीत, झाकण वर, काथ्याच्या नव्या दोरीने बांधलेला. माडावर चढणारे लोक मारतात तशी गाठ. वर गोणपाट टाकलेलं, आणि त्यातून पाणी गळत होतं. पिंजाळ अजून दोन मैल पुढे होती आणि त्या रानात एप्रिलात ओंजळभर पाणी नव्हतं.

फाळका पाडून आत पाहिलं. बाकाखाली, कॅन होता तिथे, पेट्रोल सांडलेलं. उन्हाने फुगून झाकणातून बाहेर आलेलं. त्याचा ओघळ पत्र्यावरून सरकत सरकत काशीबाईच्या मडक्यापर्यंत गेला होता. मडकं आणि ओघळ यांच्यामध्ये माझं एक बोट मावलं असतं, दुसरं मावलं नसतं. सिस्टरने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला आजही झोपेत दिसते. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, विस्तव."

काशीबाईने स्वतःच मडक्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला आणि तसाच ठेवला. "थंड हाय," ती म्हणाली. "रात्रीचे दगडासारी थंड हाय." सासूच्या हातची, कधी न विझलेली आग. मला वाटलं आता ही रडेल, अपशकुन म्हणून खाली उतरेल. तिने मडकं रानात ठेवलं, पावलं गेली त्या दिशेला तोंड करून जमिनीवर डोकं टेकलं आणि परत येऊन सुनेजवळ बसली. "चल," म्हणाली. "आपली आग त्याने घेतली. आता सून ऱ्हाईल."

ओघळ धूळ टाकून पुसून काढला, कापड वर गुंडाळलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मनोरच्या अलीकडे टाकी संपली. मी कॅन सोडला, आधी लोखंडाला हात लावला, झाकण काढलं आणि आत बोटं घातली. चार बोटं रिकामी. अर्धं बोट कमी नाही, अर्धं जास्त नाही.

कमळी वाचली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून डोकावलो तर तिने मला खूण करून जवळ बोलावलं.

"तो म्हातारा कुटं गेला?" तिने विचारलं.

"कोण म्हातारा?"

"माजे उशाशी बसलेला. कपालावर हात ठेवलेलान. त्याचा हात... त्याचे हातावर रेगाच नवत्या."

मी तिथून थेट केळव्याला गेलो. वाटेत मनाची तयारी केली होती, की दारात माणसं जमलेली असणार, शांताराम काल दुपारीच गेला असणार. गोष्टींत असंच असतं ना. तर हा गृहस्थ वाडीत बाजेवर बसून सुपाऱ्या सोलत होता. धडधाकट. मला पाहून त्याने कोयता बाजूला ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "पोर झाली ना?"

त्याची बायको, मंगलावहिनी, चहा घेऊन आली ती तक्रार करतच. काल दुपारी हे जेवून आडवे झाले ते उठायचं नाव नाही. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी नाही. श्वास चालू होता म्हणून ती गप्प राहिली. दिवे लागायच्या वेळेला जागे झाले आणि अंगाला ही पेट्रोलची घाण. "गाडीचा नाद अजून सुटत नाय यांचा. रिटायर झाले तरी चोरून जातात कुटंतरी," ती म्हणाली. मी शांतारामच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं सोललेली होती. लोखंडावर ठोके मारून सोलतात तशी.

"मी कुटं जात नाय," ती आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला. "मी झोपतो. नेतात मला. माज्या उस्तादाला पन न्यायचे... तो गेला तवापासून मला." आणि मग पुढची सुपारी सोलता सोलता म्हणाला, "तुला मी सांगितलं व्हतं, पुंडलिक. चार बोटं."

तेवढंच. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याचे पाय धरले आणि पोरासारखा रडलो. तीन बाया आणि एक न जन्मलेलं पोर, मी माझ्या शहाणपणापायी जाळणार होतो. त्यानंतर वीस वर्षं गाडी चालवली, पण चार बोटं सोडल्याशिवाय आणि तीन ठोके मारल्याशिवाय एकदाही निघालो नाही. माझ्या हाताखाली शिकलेले मला हसायचे. हसोत बापडे.

शांताराम गेल्या पावसाळ्यात गेला. नव्वदी गाठली म्हाताऱ्याने.

आता नदीचं सांगतो. विक्रमगड सोडलं की डाव्या हाताला मोठा आंबा लागेल, तिथून खाली उतरा. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली निळा प्लॅस्टिकचा कॅन आहे, त्याच्यावर तंबूचं कापड टाकलंय. तो तोंडोतोंड भरलाय, वरचा ठोकाही बद्द वाजतो. तो बाहेर काढा आणि वरून कमी करा. आणि तुमचा तो सोबती, दुपारी सीटवर बसून सारखा विडी ओढत होता, त्याला सांगा की गाडीत ओढू नको.

असं बघू नका. तुमची जीप बोईसरला लॉजच्या आवारात कुलूप लावून उभी आहे, तुम्हीच सांगितलंत. मी तर महिनाभर या ओटीवरून खाली उतरलेलो नाही, गुडघे साथ देत नाहीत. आज दुपारी जेवून जरा डोळा लागला होता, एवढंच. आमच्या हिने खूप हाका मारल्या म्हणे.

हा माझा उजवा हात. पेरं बघा. आणि जवळ घेऊन हुंगा. दोनदा साबण लावला, तरी जात नाही.

म्हणून म्हटलं, कंदील तिकडेच असू द्या.